सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या चार वर्षांच्या भाच्यासाठी गाव सोडावं का? निपाणीकडच्या एका मामांना उत्तर

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न थोडक्यात इथे लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बहिणीचा मुलगा चार वर्षांचा, जन्मल्यापासून खोकला, शौच तेलकट आणि घाण वासाचं, खातो भरपूर पण वजन बारा किलोवर अडकलंय. मध्ये टीबी म्हणून सहा महिने औषधं झाली, फरक नाही. आता घामाच्या टेस्टमध्ये क्लोराइड ९२ आलं आणि सिस्टिक फायब्रोसिस म्हणून सांगितलं. सासरी दोन तट पडलेत, एक म्हणतात हा काही फार दिवसांचा नव्हे, खर्च करून काय होणार, दुसरे म्हणतात अमेरिकेत गोळी निघालीय ती कुठूनही आणूया. आणि तुम्ही विचारताय की निपाणीजवळचं गाव सोडून त्यांना पुण्या-मुंबईला हलवावं का.

मी बेळगावात लहान मुलांच्या छातीची फिजिओथेरपी करते, बरीच वर्षं. औषधांचे डोस मी ठरवत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम, त्यामुळे खाली जे आकडे येतील ते समजून घेण्यासाठी आहेत, स्वतः बदल करण्यासाठी नाहीत. पण या आजाराची मुलं घरी कशी वाढतात, कुठल्या घरात टिकतात आणि कुठल्या घरात कोसळतात हे मी जवळून बघत आलेय, त्यावरून सांगते. तुम्ही विचारलेला प्रश्न गावाचा आहे, पण खरी अडचण गावाची नाहीच. मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे हे पोर वर्षातून चार-पाच वेळा जाणार. उरलेले सगळे दिवस सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर त्याच्यासोबत घरात जे होईल त्यावर त्याची फुप्फुसं ठरणार, आणि ते काम मूल एकदम बरं दिसत असतानाही करायचं असतं, इथेच बहुतेक घरं हरतात. तेव्हा आधी हे दोन तास कोण करणार, कसे करणार ते बघू, मग गावाचं.

आजार काय आहे ते आधी. आपल्या शरीरात सीएफटीआर नावाचा एक जीन असतो, १९८९ साली तो सापडला. पेशीच्या पडद्यातून क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक भाग, आत-बाहेर सोडणारं दार तो बनवतो. ते दार बिघडलं की मीठ नीट फिरत नाही आणि मिठामागून जाणारं पाणीही जात नाही. मग फुप्फुसातला, स्वादुपिंडातला, आतड्यातला पातळ स्राव घट्ट होतो, तुमच्याकडे गुऱ्हाळात काकवी असते ना तसा चिकट. फुप्फुसात तो अडकतो, त्यात बॅक्टेरिया घर करतात. स्वादुपिंडाची नळी बंद होते, अन्न पचवणारे एन्झाइम आतड्यात पोचतच नाहीत, म्हणून पोर भरपूर खाऊनही वाळतं आणि तूप-तेल सगळं शौचातून बाहेर पडतं. घामात मात्र उलटं होतं, तिथे मीठ परत आत खेचलं जात नाही, म्हणून घाम खारट. तुमच्या बहिणीने पापा घेताना ते खारट लागतं हे कधीतरी सांगितलं असेल, बऱ्याच आया सांगतात आणि कोणी लक्ष देत नाही. घामातलं क्लोराइड ६० किंवा वर असेल आणि लक्षणं जुळत असतील तर हा आजार धरतात, ३० ते ५९ म्हणजे संशयाची जागा, त्याखाली शक्यता कमी. ९२ म्हणजे स्पष्टच आहे, तरी ही टेस्ट नेहमी करणाऱ्या लॅबमध्येच पुन्हा एकदा करून घ्यावी आणि सोबत जीनची तपासणी करावी. जीनची तर करावीच, का ते पुढे सांगते.

टीबीची औषधं दिली म्हणून आता कोणावर राग धरण्यात वेळ घालवू नका. जुना खोकला, वजन नाही, एक्स-रेमध्ये डाग, असं पोर आपल्या भागात आलं की पहिला संशय टीबीचाच येतो.

आता "फार दिवसांचा नव्हे" या बोलण्याबद्दल. हे कुठून आलंय ते मला माहीत आहे. पूर्वी, म्हणजे १९५० च्या आसपास, ही मुलं शाळेच्या वयापर्यंतही क्वचितच जायची आणि जुनी माहिती अजून तेच सांगते. पण आज जिथे लवकर निदान होतं आणि उपचार नियमित मिळतात त्या देशांत अपेक्षित आयुष्य पन्नाशीच्या पुढे गेलंय. आपल्याकडे तेवढं नाही, कारण निदान उशिरा होतं, मुलं आधीच कुपोषित झालेली असतात आणि औषधं महाग. म्हणजे तुमचा भाचा किती जगेल हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण चार वर्षांच्या वयात फुप्फुसं अजून बरीच वाचलेली असतात हे मी खात्रीने सांगते, आणि नवीन गोळ्या यायच्या कितीतरी आधी बाहेरच्या देशांतलं आयुष्य जे वाढत गेलं ते एन्झाइम, भरपूर खाणं, अँटिबायोटिक आणि छातीचा कफ रोज काढणं यामुळेच वाढलं. या सगळ्या गोष्टी निपाणीत मिळतात. हे त्या घरातल्या मोठ्या माणसांना तुम्ही मामा म्हणून तोंडावर सांगा, बहिणीला सासरी ते बोलता येणार नाही.

तर सकाळ. उठल्यावर काही खायच्या आधी छातीचं काम, कारण पोट भरलेलं असताना थापटलं की उलटी होते. डॉक्टरांनी श्वासनळी मोकळी करणारं औषध दिलं असेल तर ते पहिलं, मग मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर, म्हणजे औषधाची बारीक वाफ करून श्वासातून देणारं मशीन. ते मीठ घरी कालवायचं नाही, तयार मिळतं, ३ टक्क्यांचं सहज मिळतं, ७ टक्क्यांचं डॉक्टर सांगतील तर शोधावं लागतं. त्याचा पहिला डोस दवाखान्यात डॉक्टरांसमोरच घ्यावा, काही मुलांची छाती त्याने एकदम आवळते. हे खारट पाणी घट्ट कफाकडे पाणी ओढतं, कफ सैल होतो, आणि मग आमची फिजिओथेरपी. अँटिबायोटिकचं नेब्युलायझर चालू असेल तर ते सगळ्यात शेवटी, छाती साफ झाल्यावर. का, तर कफाच्या थरावर औषध मारून उपयोग नाही, ते आत पोचलं पाहिजे. हा क्रम माझ्याकडे येणाऱ्या किती घरांत उलटा असतो, आधी अँटिबायोटिक देतात आणि मग थापटतात, म्हणजे महागाचं औषध कफासोबत बाहेर.

थापटणं कसं, तर हाताची वाटी करायची, तळवा सपाट नाही, पातळ कपड्यावरून, मनगट सैल, आवाज पोकळ आला पाहिजे आणि पोराला दुखता कामा नये. मांडीवर बसवून पुढची छाती वरच्या बाजूला, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग पालथं घालून पाठ, प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं. पोटावर, पाठीच्या कण्यावर, छातीच्या मधल्या हाडावर आणि बरगड्या संपतात तिथून खाली थापटायचं नाही. डोकं खाली पाय वर असं लटकवायचं नाही, पूर्वी शिकवायचे, पण त्याने पोटातलं वर येतं म्हणून लहान मुलांत आता आम्ही करत नाही.

पण चार वर्षांचं पोर नुसतं थापटून घेणार नाही, आणि खरं तर नुसतं थापटण्यापेक्षा त्याने स्वतः फुंकणं जास्त कामाचं आहे. एका रुंद तोंडाच्या बाटलीत दहा सेंटीमीटर पाणी घ्या, त्यात तळापर्यंत जाईल अशी नळी, आणि त्यातून लांब फुंकून बुडबुडे काढायचे, दहा-बारा वेळा. पाण्याचा तो दाब श्वासनळ्या उघड्या ठेवतो आणि हवा कफाच्या मागे जाते. पोर पाणी ओढत नाही ना, फक्त फुंकतंय ना हे आधी आठ-दहा दिवस बघा. मग त्याला 'हाऽऽ' शिकवा, आरशावर वाफ काढतो तसं, तोंड मोठं उघडून, घशातून नाही, पोटातून. दोन-तीन 'हाऽऽ' आणि मग खोकला. हे त्याला जितक्या लवकर जमेल तितकं पुढचं आयुष्य सोपं, कारण मोठा झाल्यावर त्याला कोणी थापटणारं लागणार नाही. बाटलीतलं पाणी रोज बदला, बाटली रोज धुवून वाळवा.

पळणं, उड्या मारणं, गल्लीतली लपंडाव-पकडापकडी, हे सगळं छातीसाठी औषधच आहे. "दमतोय, बसव त्याला" असं म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते, तिला प्रेमाने समजवा. आणि खोकला दाबणारं सिरप अजिबात नको. हा खोकला त्याचा मित्र आहे, कफ बाहेर काढायचा दुसरा रस्ता त्याच्याकडे नाही. एवढी लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात, ते चालतं, त्याने पोटात काही बिघडत नाही.

संध्याकाळी हेच परत, जेवणाआधी. सर्दी झाली की दिवसातून तीन-चार वेळा.

मशीनची स्वच्छता मी मुद्दाम वेगळी लिहिते कारण यात हयगय झाली तर आपणच जंतू फुप्फुसात सोडतो. औषधाचा कप आणि तोंडाचा भाग प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुवायचा, दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचा (कंपनीने उकळायला चालतं असं लिहिलंय ना ते बघून, काही भाग वितळतात), नंतर परत नळाच्या पाण्यात बुडवायचा नाही, स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडा करायचा. सुडोमोनास नावाचा जंतू ओलाव्यात वाढतो आणि या मुलांच्या फुप्फुसात एकदा कायमचा बसला की निघत नाही. पहिल्यांदा सापडला आणि लगेच उपचार केले तर बऱ्याचदा काढता येतो, म्हणून दर तीन महिन्यांनी घशाचा किंवा बेडक्याचा कल्चर, म्हणजे त्यात कुठला जंतू वाढतो ते बघणारी तपासणी, पोर ठणठणीत दिसलं तरी. खेड्यात लाईट जाते ती नेमकी सकाळी जाते, म्हणून बॅटरीवर चालणारं नेब्युलायझर मिळतं ते किंवा छोटा इन्व्हर्टर, जे परवडेल ते बघा. लाईट नाही म्हणून मशीन चुकलं तर चुकू दे, पण थापटणं आणि बुडबुडे चुकवू नका, त्याला लाईट लागत नाही.

आता खाणं. तुम्ही लिहिलंय की तेलकट शौच होतं म्हणून घरच्यांनी तूप, शेंगदाणे, दूध बंद केलंय. हे कृपा करून आजच उलटं करा. या मुलाला इतरांच्या सव्वापट-दीडपट कॅलरी लागतात, कधी त्याहून जास्त, आणि त्या तुपा-तेलातूनच येतात. तूप बंद करायचं नसतं, तुपासोबत एन्झाइमची कॅप्सूल द्यायची असते. तुपात भिजलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी तेल घालून, लोणी, सायीचं दही, अंडी, चिकन, मासे, केळं. गोकाकचा करदंट आपल्याकडे बाळंतिणीला देतात, डिंक, सुकामेवा, गूळ, तूप, एवढ्याशा तुकड्यात भरपूर ताकद, या मुलांना मी आवर्जून द्यायला सांगते. बेळगावचा कुंदाही चालतो. फक्त त्यासोबतही कॅप्सूल.

एन्झाइमचं प्रमाण वजनावर आणि जेवणातल्या तुपा-तेलावर ठरतं, साधारण किलोमागे एका जेवणाला ५०० ते २५०० युनिट लायपेज (तूप-तेल पचवणारं एन्झाइम), आणि दिवसाला किलोमागे १०,००० युनिटच्या वर जायचं नाही, जास्त झालं तर आतडं आकसण्याचा धोका असतो. बारा किलोच्या पोराला सुरुवातीला बहुतेक वेळा एका जेवणाला १०,००० ची एक कॅप्सूल लिहून देतात, मग शौच आणि वजन बघून डॉक्टर वाढवतात. मधल्या खाण्याला साधारण निम्मं. कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे चमचाभर शिजवलेल्या सफरचंदाच्या गरात, गार झाल्यावर, घालून लगेच द्यायचे. दाणे कुटायचे नाहीत, चावू द्यायचे नाहीत, गरम भातात किंवा दुधाच्या पेल्यात मिसळून ठेवायचे नाहीत. त्या दाण्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लात टिकून आतड्यात विरघळण्यासाठी असतं, ते आधीच फुटलं तर औषध फुकट आणि तोंडात फोड वेगळे. शेवटी पाणी पाजून तोंडात दाणे राहिले नाहीत ना ते बघा. जेवणाच्या सुरुवातीला द्या, जेवण लांबलं तर अर्धं आधी अर्धं मध्ये. नुसतं फळ, सरबत, साखर याला कॅप्सूल लागत नाही. डबी पत्र्याच्या घरात चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका, उन्हाळ्यात उष्णतेने ताकद जाते. ए, डी, ई आणि के ही तुपात विरघळणारी जीवनसत्त्वं त्याला वेगळी द्यावी लागतील, ते डॉक्टर लिहून देतील.

शाळा-अंगणवाडीतली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं, दुपारचं जेवण मिळतं. दुधात स्निग्ध पदार्थ आहेत, त्यालाही कॅप्सूल लागते. म्हणजे बाईंकडे चार कॅप्सूल आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी लागणार, ही जबाबदारी घेणारी एक बाई किंवा एक मदतनीस नक्की करा. चिठ्ठीत हेही लिहून घ्या की हा खोकला कोणाला लागत नाही, टीबी नाही, आणि त्याला शौचाला जायला कधीही सोडावं.

मीठ. बेळगाव शहरापेक्षा चिकोडी, रायबाग, अथणीकडे उन्हाळा कडक असतो, निपाणीतही एप्रिल-मे मध्ये घाम कमी नाही. या मुलांच्या घामातून मीठ वाहून जातं आणि नुसतं पाणी पाजत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. माझ्याकडच्या घरांना मी सांगते की या पोराच्या जेवणात मीठ कमी करायचं नाही, ताकात मीठ, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, आणि उन्हाच्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितलेलं जादा मीठ किंवा ओआरएस. जुलाब नसतानाही पोर मलूल पडलं, खाईना, उलट्या करायला लागलं तर उन्हाळ्यात तासभरही थांबू नका, सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा. हे तपासायला सांगावं लागतं, कारण जुलाब नसले की कोणाच्या डोक्यात ते येत नाही.

आता घर. तुम्ही ओघात लिहिलंय की बहिणीची सासू घरी विड्या वळते. निपाणीकडे हे घरोघरी आहे, त्यावर घर चालतं, ते बंद करा असं मी सांगणार नाही, ते सांगून निघून जाणं सोपं आहे. पण तंबाखूची बारीक धूळ आणि भिजवलेल्या पानांचा कुबट ओलावा, दोन्ही या फुप्फुसांना वाईट. तेव्हा विड्यांचं काम पडवीत किंवा वेगळ्या खोलीत, पोराची झोपायची आणि जेवायची जागा त्यापासून लांब, सूप-तराजू पोराच्या हाती नाही, संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसणं, आणि सासूबाईंनी हात धुवून साडी बदलून मग पोराला घेणं. घरात कोणी बिडी-सिगरेट ओढणार नाही, इथे मात्र तडजोड नाही. चुलीऐवजी गॅस, निदान पोर आत असताना तरी. बुरशी आलेला कडबा-भुसा हलवताना पोराला जवळ ठेवू नका, ती बुरशी या मुलांच्या छातीत ॲलर्जी तयार करते. साचलेल्या पाण्यात, पावसाळी चिखलात खेळणंही टाळा.

अजून एक, दवाखान्यात याच आजाराचं दुसरं मूल भेटलं तर दोघांना जवळ बसवू नका, निदान दोन मीटर अंतर. एकाचा जंतू दुसऱ्याकडे जातो. आया एकमेकींशी फोनवर जरूर बोलोत, त्याचा खूप आधार होतो, पण मुलांना एकत्र आणायचं नाही.

डॉक्टरकडे कधी पळायचं? आपण ताप बघतो, पण यात ताप नसतानाही छाती बिघडते. रात्री खोकला वाढला, कफाचा आवाज नवीन येतोय, खेळायचा तो बसून राहतोय, भूक कमी, वजन उतरलं, यातलं काहीही दोन-तीन दिवस टिकलं की जा. गावातल्या मेडिकलमधून तीन दिवसांचं अँटिबायोटिक आणू नका, या मुलांना कोर्स मोठा लागतो, बऱ्याचदा दोन आठवडे किंवा जास्त, आणि कल्चर बघून. पोट फुगलं, शौच बंद, हिरव्या उलट्या, तर तासांत जायचं, घट्ट मळाने आतडं अडकू शकतं. दरवर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोकोकलची झाली नसेल तर तीही.

आता गोळी. अमेरिकेत २०१९ साली तीन औषधं एकत्र असलेली गोळी मंजूर झाली, ट्रायकाफ्टा, आणि ज्यांना ती लागू पडते त्यांचं आयुष्य खरंच बदललंय, हे मी मनापासून सांगते. पण ती सगळ्यांना लागू पडत नाही. या जीनच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून, त्यातल्या निदान एका प्रतीत एफ-५०८-डेल नावाचा बिघाड असेल तर ती चालते, शिवाय काही ठराविक दुसरे बिघाड. पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्णांत तो बिघाड असतो, आपल्याकडे बरंच कमी. आणि तुमच्या घरात अजून एक गोष्ट आहे. तुम्ही लिहिलंय की बहीण आत्याच्याच घरी दिलीय. म्हणजे बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेला एकच बिघाड दोन्हीकडून मुलात आला असणार. तो एफ-५०८-डेल असेल तर दोन्ही प्रती तशाच, गोळीचा विचार करता येईल, नसेल तर दोन्ही नाहीत आणि कदाचित गोळीचा उपयोगच नाही. म्हणून जीनचा रिपोर्ट हातात नसताना जमीन विकायची भाषा कोणी करू नये. अमेरिकेत तिची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे. कमी किमतीची जेनेरिक दुसऱ्या देशांत बनतात, पण ती मागवायची ती तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर आणि यकृताच्या तपासण्यांच्या देखरेखीखाली, कुणाच्या ओळखीतून कुरिअरने नाही.

आणि हे नात्यातल्या लग्नाचं बोलतेय तोवर पुढचंही ऐका. आपल्या सीमाभागात मामाची मुलगी करणं, आत्याच्या घरी देणं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, मी त्यावर निवाडा करत नाही. पण हा आजार आई आणि बाप दोघांकडून एक-एक बिघडलेली प्रत आल्याशिवाय होत नाही, त्यामुळे "सून आजार घेऊन आली" हे साफ खोटं आहे, आणि सासरी कोणी म्हणत असेल तर ते तिथल्या तिथे थांबवा. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात पंचवीस टक्के शक्यता मुलाला आजार असण्याची, पन्नास टक्के नुसता वाहक असण्याची, म्हणजे एक प्रत बिघडलेली पण आजार नाही. बिघाड कुठला हे आधी माहीत असेल तर साधारण ११ ते १३ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते, म्हणूनही जीनचा रिपोर्ट हवा. आणि दादा, बहीण वाहक म्हणजे तुम्ही स्वतः वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तुमचं लग्न झालं नसेल आणि नात्यातच बघत असतील, किंवा झालंय आणि मूल व्हायचंय, तर दोघांची तपासणी करून घ्या. साधी रक्ताची आहे, बिघाड माहीत झाला की स्वस्तातही होते.

पैशाचं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचं नाव आहे, आणि ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्याला जवळची केंद्रं म्हणजे बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स, इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेसोबत, आणि मुंबईचं केईएम. नाव नोंदवलं म्हणजे लगेच पैसे मिळतात असं नाही, काय मंजूर होईल ते केंद्राची समिती ठरवते, पण नाव नोंदलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड तयार असू दे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलंय, तुमचं गाव त्यात आहे का आणि हा उपचार त्यात बसतो का हे कोल्हापूरला दाखवायच्या आधी विचारून घ्या. कागद नेहमी सोबत लागतात म्हणून एकच फाईल करा, त्यात घामाचा रिपोर्ट, कल्चर, वजनाची नोंद, सगळं तारखेने. इकडे दवाखाना बदलला की भाषाही बदलते, कुठे कन्नड, कुठे मराठी, फाईल नीट असली की अडत नाही.

तर गाव सोडायचं का? माझं मत, आत्ता नाही. पोर वारंवार अ‍ॅडमिट होऊ लागलं, घरी ऑक्सिजन लागला, किंवा घरातली धूळ-धूर काही केल्या कमी होईना, तर परत विचार करावा लागेल, तेव्हा सांगा. पण आज पुण्याला एका खोलीत बहीण एकटी पोराला घेऊन राहिली आणि नवरा इकडे, तर सकाळ-संध्याकाळचं काम तिच्या एकटीवर येणार, आणि एकटं माणूस हे वर्षानुवर्षं ओढू शकत नाही. इथे निदान माणसं आहेत. निपाणीत किंवा चिकोडीत एक बालरोगतज्ज्ञ पकडा जो फोन उचलेल आणि महिन्याला वजन बघेल, तीन महिन्यांनी कोल्हापूर किंवा बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या तज्ज्ञाला दाखवा, आणि सुरुवातीला एकदा तामिळनाडूतल्या सीएमसी वेल्लोर हॉस्पिटलसारख्या या आजाराचा अनुभव असलेल्या ठिकाणी जाऊन सगळं आखून घ्या.

आणि थापटायला फक्त बहिणीने शिकू नये. तुम्ही लिहिलंय भावजी सकाळी सातला कामावर जातात, म्हणजे सहाची पाळी त्यांची होऊ शकते, संध्याकाळची तिची, आणि आजीला बुडबुड्यांचा खेळ जमेल. पुढच्या वेळी फिजिओकडे जाल तेव्हा तिघांनाही घेऊन जा आणि तिघांच्या हातून समोर करून घ्या. जीनचा रिपोर्ट आला की त्यात बिघाडाचं नाव काय लिहिलंय तेवढं इथे कळवा, पोराचं नाव-पत्ता झाकून. मग गोळीबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगते.